विश्लेषण : थीम पार्कमधील पाण्याची घसरण आली कुठून? ‘निडर बेडूकमाणूस’ कॅप्टन पॉल बॉयटन यांची कहाणी

सुट्ट्या लागल्या की थीम पार्कमध्ये सर्वांत मोठी रांग बहुतेक वेळा पाण्याच्या राईडपुढे लागते. ओंडक्याच्या आकाराची बोट, संथ वळणे, खडखडत वर नेणारा पट्टा, टोकावर क्षणभराची शांतता आणि मग थेट खाली पाण्यात. लॉग फ्लूम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या राईडचे मूळ शोधत गेले, की एकोणिसाव्या शतकातील एका अवलियाशी गाठ पडते. त्यांचे नाव कॅप्टन पॉल बॉयटन. बुडणाऱ्यांना वाचवण्यापासून त्यांनी सुरुवात केली, रबराचा पोशाख घालून नद्या आणि समुद्र पार केले आणि अखेरीस तिकीट लावून लोकांना पाण्यात घसरवण्याचा व्यवसाय उभारला. आज आपण ज्याला अम्युझमेंट पार्क म्हणतो, त्याचा साचाही त्यांनीच घालून दिला. तरीही त्यांचे नाव फारसे कुणाला ठाऊक नाही. असे का झाले, ते जाणून घेऊया.

कोण होते पॉल बॉयटन?

बॉयटन यांचा जन्म १८४८ मधला. जन्मस्थळाबाबत मात्र एकमत नाही. आयर्लंडमधील किल्डेअर परगण्यातील रॅथँगन हे गाव साधारणपणे सांगितले जाते. काही ठिकाणी डब्लिनचा उल्लेख आढळतो, तर काही जण अमेरिकेतील पिट्सबर्ग शहराचे नाव घेतात. हा घोळ त्यांच्या स्वभावाला साजेसाच होता. आपल्या आयुष्याची गोष्ट रंगवून सांगणे त्यांना आवडे. १८९२ मध्ये त्यांनी आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्यातले अनेक प्रसंग एखाद्या साहसकथेसारखे वाटतात आणि त्यातले सगळेच पडताळून पाहता येत नाहीत.

या आत्मचरित्रानुसार, अमेरिकेतील यादवी युद्धात ते पंधराव्या वर्षी उत्तरेकडील राज्यांच्या नौदलात भरती झाले. त्यानंतर मेक्सिकोत बेनितो हुआरेझ यांच्या बाजूने आणि पुढे १८७०च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात फ्रान्सच्या बाजूने ते लढले. तिशी गाठण्याआधीच तीन देशांची युद्धे त्यांच्या खात्यावर जमा झाली होती.

अमेरिकेत परतल्यावर न्यू जर्सीतील अटलांटिक सिटीच्या किनाऱ्यावर त्यांनी जीवरक्षकाचे काम सुरू केले. समुद्रात उतरणाऱ्यांची संख्या वाढत होती, पण पोहता येणारे थोडेच होते. लाटांत सापडलेल्या कितीतरी जणांना बॉयटन यांनी बाहेर काढले. माणूस पाण्यात नेमका कशामुळे मरतो, हे त्यांनी इथे जवळून पाहिले. घाबरून हातपाय झाडणे, त्यामुळे येणारा थकवा आणि थंडी या तीन गोष्टी अनेकदा जीवघेण्या ठरतात. पुढे जो पोशाख त्यांची ओळख बनला, तो या तिन्हींवरचा उपाय होता.

रबराचा पोशाख नेमका काय होता?

हा पोशाख बॉयटन यांनी शोधलेला नाही. त्याचे जनक सी. एस. मेरिमन हे अमेरिकी संशोधक. आगबोट बुडाली तर प्रवाशांना मदत येईपर्यंत पाण्यावर तग धरता यावा, हा मेरिमन यांचा उद्देश होता.

पोशाखाचे दोन भाग होते. रबराची विजार आणि रबराचा सदरा. कमरेशी दोन्ही भाग पोलादी पट्ट्याने घट्ट आवळले जात, जेणेकरून पाणी आत शिरू नये. आत हवेचे कप्पे होते. पोशाख घातलेल्या माणसाने नळ्यांतून फुंकर मारून ते हवे तेवढे फुगवायचे. फक्त चेहरा उघडा राहायचा.

यामागचे तत्त्व शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातले आहे. माणसाच्या शरीराची घनता पाण्याच्या जवळपास असते. त्यामुळे काही लिटर जास्तीची हवासुद्धा त्याला आरामात तरंगत ठेवू शकते. हवेचे कप्पे डोक्यामागे आणि अंगाभोवती विभागले, की माणूस आपोआप उताणा होतो आणि तोंड पाण्याबाहेर राहते. आतले कपडे कोरडे राहिल्याने अंगाची ऊबही टिकते.

बॉयटन या पोशाखात चित झोपत आणि दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याने पाय पुढे ठेवून पुढे सरकत. वारा अनुकूल असला की पायाला छोटेसे शीड लावत. पाण्यावर पडल्यापडल्या सिगार ओढणे हा त्यांच्या प्रात्यक्षिकातला ठरलेला भाग होता. पोशाख किती सुरक्षित आहे, हे पटवून देण्याचा याहून सोपा मार्ग नव्हता. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘फिअरलेस फ्रॉगमन’ म्हणजे निडर बेडूकमाणूस असे नाव दिले आणि तेच पुढे रूढ झाले.

भर समुद्रात उडी का मारली?

पोशाख कितीही चांगला असला, तरी लोकांचा विश्वास कसा बसणार? बॉयटन यांनी ठरवले, की अटलांटिकमध्ये धावत्या जहाजावरून उडी मारून किनारा गाठायचा. १८७४च्या शरद ऋतूत ते न्यूयॉर्कहून निघालेल्या ‘क्वीन’ या जहाजावर चढले. अमेरिकेच्या किनाऱ्यापासून काही अंतर गेल्यावर उडी मारण्याचा त्यांचा बेत होता. तो कप्तानाच्या लक्षात आला. जहाजावरून कुणी आत्महत्या केली तर जबाबदारी आपल्यावर येईल, हे कप्तानाला कळत होते. त्याने त्यांना अडवले.

प्रवासभर बॉयटन कप्तानाची मनधरणी करत राहिले. अखेर आयर्लंडचा किनारा जवळ आल्यावर परवानगी मिळाली. त्या रात्री समुद्र खवळलेला होता. उडी मारल्यानंतर वाऱ्याने जोर धरला आणि काही तास लाटांचे तडाखे सोसत ते आयर्लंडच्या दक्षिण टोकाच्या खडकाळ किनाऱ्याला लागले. बातमी तारेने लंडनला पोहोचली आणि तिथून सगळीकडे पसरली. त्या काळात तारयंत्रामुळे बातम्या एका दिवसात खंड ओलांडत होत्या. आजच्या भाषेत सांगायचे, तर बॉयटन रातोरात व्हायरल झाले.

इंग्लिश खाडी पार केली, पण श्रेय कुणाला?

१८७५ मध्ये राणी व्हिक्टोरिया यांच्यासमोर पोशाखाचे प्रात्यक्षिक झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बॉयटन यांनी इंग्लिश खाडी ओलांडण्याचा पहिला प्रयत्न केला. सोबतच्या बोटीवर पत्रकार होते. सुमारे १५ तासांनंतर अंधार आणि बिघडलेला समुद्र यामुळे हा प्रयत्न सोडावा लागला.

२८ मे रोजी ते पुन्हा पाण्यात उतरले. या वेळी सुरुवात फ्रान्सच्या केप ग्री-ने या टोकापासून केली. जवळपास २४ तास पाण्यात काढून २९ मे रोजी ते इंग्लंडच्या किनाऱ्यावर पोहोचले.

आज इंग्लिश खाडी पोहून जाणारा पहिला माणूस म्हणून मात्र कॅप्टन मॅथ्यू वेब यांचे नाव घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. बॉयटन यांच्यानंतर तीनच महिन्यांनी, ऑगस्ट १८७५ मध्ये, वेब कोणत्याही साधनाविना २१ तास ४५ मिनिटांत खाडी पार करून गेले. बॉयटन यांचा पराक्रम पोहण्याचा नव्हताच, तो तरंगण्याचा होता. लोकांना वीर हवा होता, तो वेब यांच्या रूपाने मिळाला. एका पोशाखाने कुणालाही जिवंत ठेवता येते, ही अधिक उपयोगाची गोष्ट मागे पडली.

पुढचा इतिहासही बोलका आहे. वेब १८८३ मध्ये नायगारा धबधब्याखालच्या भोवऱ्यांत उतरले आणि बुडाले. बॉयटन त्यानंतर चार दशके जगले.

नद्यांवरून हजारो किलोमीटर कसे गेले?

खाडीनंतर बॉयटन यांनी युरोपातील नद्यांकडे मोर्चा वळवला. ऱ्हाइन, डॅन्यूब, ऱ्होन, सीन, पो, टॅगस अशा नद्यांमधून ते पोशाखात तरंगत गेले. १८७८ मध्ये त्यांनी जिब्राल्टरची सामुद्रधुनीही ओलांडली.

सर्वांत लांबचे प्रवास अमेरिकेत झाले. ६ फेब्रुवारी १८७९ रोजी ते पेनसिल्व्हेनियातील ऑइल सिटी येथून पाण्यात उतरले. अ‍ॅलेगनी, ओहायो आणि मिसिसिपी या नद्यांमधून जात २७ एप्रिलला त्यांनी मेक्सिकोच्या आखाताकडचे टोक गाठले. ८० दिवसांत २,३४२ मैल म्हणजे सुमारे ३,७७० किलोमीटर. सुरुवात ऐन हिवाळ्यात, बर्फाळ पाण्यात झाली होती. १८८१ मध्ये मोंटानातील ग्लेंडाइव्हपासून यलोस्टोन आणि मिसुरी नद्यांमधून सेंट लुइसपर्यंत ते गेले. हे अंतर ३,५८० मैल म्हणजे सुमारे ५,७६० किलोमीटर होते.

या प्रवासात ते ‘बेबी माइन’ नावाची इवलीशी होडी मागे ओढत नेत. त्यात खाणे, कागदपत्रे आणि सामान असे. गाव जवळ आले की ते बिगुल वाजवत आणि काठावर गर्दी जमे. बँड वाजे, भाषणे होत. पाण्यातला माणूस पाहायला लोक कित्येक तास थांबतात, हे बॉयटन यांनी अशा असंख्य काठांवर पाहिले. काठावर उभे राहून पाहणे फुकट होते, हेही त्यांच्या नजरेतून सुटले नसावे.

त्यांची कीर्ती कादंबरीतही पोहोचली. ज्यूल व्हर्न यांच्या १८७९ मधील चीनमध्ये घडणाऱ्या कादंबरीत पात्रे बॉयटन यांचाच पोशाख वापरून समुद्रातून सुटका करून घेतात.

युद्धात हा पोशाख वापरला गेला का?

प्रयत्न झाला. पेरू आणि चिली यांच्यातील युद्धाच्या काळात, १८८०च्या सुमारास, पेरूने बॉयटन यांना कामावर घेतले. पोशाख घालून शत्रूच्या जहाजांपर्यंत जायचे आणि स्फोटके लावायची, अशी कल्पना होती. चिलीच्या फौजेने आपल्याला पकडले आणि आपण मृत्युदंडाच्या तोंडातून निसटलो, असे त्यांचे स्वतःचे कथन आहे.

१८८५ मध्ये न्यूयॉर्क बंदरात त्यांनी आणखी एक खोडी काढली. रात्रीच्या अंधारात ते ‘गार्नेट’ या ब्रिटिश युद्धनौकेपर्यंत गेले आणि तिला बनावट सुरुंग बांधून आले. पाण्याच्या पातळीला असलेला एकटा माणूस पहारेकऱ्यांना दिसत नाही, हे त्यातून सिद्ध झाले. पुढील शतकात नौदलांनी फ्रॉगमन म्हणजे पाणबुड्या सैनिकांची पथके उभारली. त्या कल्पनेची चुणूक या प्रसंगात दिसते.

साहसातून धंदा कसा उभा राहिला?

चाळिशी ओलांडल्यावर बर्फाळ नद्यांत महिनोन्‌महिने काढणे शक्य नव्हते. बॉयटन सर्कशीबरोबर फिरले. नंतर त्यांनी स्वतःचा पाण्यावरचा खेळ सुरू केला. त्यात कसरती असत आणि शिकवलेले सी लायन असत. १८९३ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट येथे हा खेळ झाला. त्यात एक नवी गोष्ट होती. लाकडी उतारावरून घसरत तळ्यात आदळणारी बोट. तिला ‘शूट द शूट्स’ म्हणत.

ही कल्पनाही मुळात बॉयटन यांची नव्हती. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात रॉक आयलंड येथे जे. पी. न्यूबर्ग यांनी १८८४ मध्ये अशी पहिली घसरण उभारली होती. टेकडीवरून सपाट तळाच्या बोटी वंगण लावलेल्या लाकडी मार्गावरून घसरत आणि थेट नदीत जात. बॉयटन यांनी त्यातले दोन अडथळे हेरले. टेकडी आणि नदी सगळीकडे नसते. मग उतार लाकडाचा बांधायचा, खाली तळे खोदायचे आणि ते शहराच्या मधोमध आणून ठेवायचे.

१८९३ मध्ये शिकागोत भव्य जागतिक प्रदर्शन भरले होते. जॉर्ज फेरिस यांचे महाकाय चक्र तिथेच पहिल्यांदा फिरले. मनोरंजनासाठी लोक पैसे मोजतात, हे तिथे दिसले होते. पुढच्याच वर्षी, ४ जुलै १८९४ रोजी, बॉयटन यांनी शिकागोत ‘वॉटर शूट्स’ हे पार्क सुरू केले. याआधीची बहुतेक मनोरंजनस्थळे एखाद्या तळ्याकाठी, किनाऱ्यावर किंवा ट्रामच्या शेवटच्या थांब्याजवळ वाढलेली असत. इथे लोक निसर्गासाठी येत नव्हते, राईडसाठी येत होते.

सी लायन पार्क महत्त्वाचे का ठरले?

वर्षभराने, ४ जुलै १८९५ रोजी, न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर त्यांनी सी लायन पार्क उघडले. चारही बाजूंनी कुंपण, एकच प्रवेशद्वार आणि आत शिरण्यासाठी शुल्क. कायमस्वरूपी बंदिस्त आवारातले, प्रवेशशुल्क घेणारे हे पहिले अम्युझमेंट पार्क मानले जाते.

कोनी आयलंडला गर्दीची कमतरता नव्हती. पण तिथे प्रत्येक खेळ वेगळ्या मालकाचा होता, जुगार होता, पाकीटमारी होती. कुटुंबासह येणाऱ्यांना धास्ती वाटे. कुंपण घातल्यावर आत कोण येते यावर लक्ष ठेवता येऊ लागले. मुलांना घेऊन दिवस घालवता येईल अशी जागा तयार झाली. आज इमॅजिकाच्या दारात तिकीट काढून आपण आत जातो, तो रिवाज तिथला.

पार्कचे मुख्य आकर्षण अर्थातच शूट द शूट्स होते. सपाट तळाची बोट उताराच्या टोकावर नेली जाई, माणसे बसत आणि बोट सुटे. तळ्यात आदळल्यावर ती सपाट दगडासारखी पाण्यावर उड्या घेत जाई. वेग ओसरला की बोटीवर उभा असलेला नावाडी ती काठाला आणी. ही राईड इतकी गाजली, की १८९६ मध्ये एडिसन यांच्या कंपनीने तिचे चित्रण केले. सिनेमाच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांतल्या फितींमध्ये पाण्याची घसरण अशी जाऊन बसली.

याच पार्कमध्ये ‘फ्लिप फ्लॅप’ ही प्रवाशांना पूर्ण उलटी फिरवणारी गाडी होती. तिचा फेरा अचूक वर्तुळाकार आणि लहान, म्हणजे सुमारे २५ फूट व्यासाचा होता. सरळ रुळावरून अशा वर्तुळात शिरताना शरीरावर एकदम प्रचंड दाब येतो. तो गुरुत्वाकर्षणाच्या १२ पट असल्याचे सांगितले जाते. लोकांच्या माना दुखावत. चढण्यापेक्षा पाहणारेच जास्त असत. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातील मॅजिक माउंटनमध्ये थेंबाच्या आकाराचा फेरा आला, तेव्हा कुठे हा प्रश्न नीट सुटला.

मग पार्क हातातून का गेले?

कारणे दोन. पहिले, नावीन्याचा अभाव. एकदा घसरून झाले, सी लायन पाहून झाले, की पुन्हा येण्यासाठी कारण उरत नसे. दरम्यान १८९७ मध्ये जॉर्ज टिलयू यांनी शेजारीच स्टीपलचेस पार्क सुरू केले. टिलयू दर हंगामात काही ना काही नवे आणत.

दुसरे कारण पाऊस. १९०२चा उन्हाळा न्यूयॉर्कमध्ये पावसातच गेला. उघड्यावरच्या पार्कची वर्षाची कमाई काही आठवड्यांवर अवलंबून असते. ती बुडाली. पाण्यावर आयुष्य काढलेल्या माणसाचा धंदा पाण्यानेच नेला.

फ्रेडरिक थॉम्पसन आणि एल्मर डंडी या जोडीने ती जागा भाडेपट्ट्याने घेतली. त्यांनी जवळपास सगळे पाडले आणि १६ मे १९०३ रोजी अडीच लाख विजेच्या दिव्यांनी उजळलेले लुना पार्क उघडले. जुन्या पार्कमधली शूट द शूट्स मात्र त्यांनी ठेवली. वर्षभराने आलेल्या ड्रीमलँडनेही अशीच घसरण बांधली. बॉयटन गेले, त्यांची राईड राहिली.

लॉग फ्लूम कुठून आली?

आजच्या लॉग फ्लूमचे दुसरे पूर्वज जंगलात आहेत. अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगरांतून लाकूड खाली आणण्यासाठी फळ्यांचे लांबलचक पन्हळ बांधत. त्यात पाणी सोडले की ओंडके आणि फळ्या वाहत खाली येत. १८७५ मध्ये, म्हणजे बॉयटन यांनी खाडी ओलांडली त्याच वर्षी, नेवाडातील खाणमालक जेम्स फेअर आणि जेम्स फ्लड यांनी एका पत्रकाराला सोबत घेऊन अशाच पन्हळीतून प्रवास केला. डुकरांच्या खाण्याच्या कुंडीसारख्या बोटीत बसून त्यांनी सुमारे १५ मैल अवघ्या ३५ मिनिटांत कापले. जीव वाचला, पण पुन्हा बसण्याची कुणाची तयारी नव्हती.

या दोन धाग्यांची गाठ १९६३ मध्ये पडली. अ‍ॅरो डेव्हलपमेंट या कंपनीने ‘सिक्स फ्लॅग्स ओव्हर टेक्सास’ या पार्कमध्ये ‘एल आसेरादेरो’ ही पहिली आधुनिक लॉग फ्लूम उभारली. नावाचा स्पॅनिशमधला अर्थ लाकडाची वखार, करवतीचा कारखाना. जंगलातल्या पन्हळीतून वाहत जायचे आणि शेवटी बॉयटन यांच्या घसरणीसारखे तळ्यात आदळायचे. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या नॉट्स बेरी फार्ममध्ये आणि १९८९ मध्ये डिस्नेलँडच्या स्प्लॅश माउंटनमध्ये या राईडला डोंगर, गुहा आणि गोष्ट जोडली गेली. खोपोलीजवळच्या इमॅजिकातील ‘राजासॉरस रिव्हर अ‍ॅडव्हेंचर’ ही राईड याच घराण्यातली. संथ बोट, डायनासोरची भीती आणि शेवटी पाण्यात उडी.

घसरणीत नेमके काय होते?

बोटीला इंजिन नसते. पट्टा तिला वर नेतो, तेव्हा ऊर्जा साठते. खाली येताना तीच ऊर्जा वेगात बदलते. उतार १५ मीटर उंचीचा धरला आणि घर्षण शून्य मानले, तर तळाशी वेग ताशी सुमारे ६२ किलोमीटर भरतो. प्रत्यक्षात घर्षण आणि पाणी यामुळे तो कमी असतो.

ब्रेकचे काम पाणीच करते. बोट तळ्यातले पाणी पुढे आणि बाजूला ढकलते. त्यात तिची ऊर्जा खर्च होते आणि ती मंदावते. तो जो पाण्याचा पडदा उसळतो, तो दिखाव्यासाठी असतो असे अनेकांना वाटते. खरे तर तो ब्रेक लागल्याची खूण असतो. बोट जितकी जड, तितके जास्त पाणी उसळते.

राईडला जाताना काय लक्षात ठेवावे?

* कमी भिजायचे असेल तर साधारणपणे मधल्या ओळीत बसा. पुढच्या ओळीला समोरचा मारा बसतो. काही राईडमध्ये उसळलेली लाट मागच्यांवर कोसळते. आधी दोन-तीन बोटी खाली येताना पाहिल्या, की कुठली जागा कोरडी राहते ते कळते.

* भरपूर भिजायचे असेल तर वजनदार मंडळी पुढे बसवा. मात्र जागा बदलण्याआधी कर्मचाऱ्याला विचारा. बोटीचा तोल सांभाळण्याची जबाबदारी त्याची असते.

* जीन्स आणि जाड सुती कपडे टाळा. ते पाणी धरून ठेवतात, जड होतात आणि दिवसभर अंग गार करतात. लवकर वाळणारे कपडे आणि मागे पट्टा असलेल्या चपला बऱ्या.

* मोबाइल, पाकीट आणि गाडीची किल्ली लॉकरमध्ये ठेवा. उतारावर व्हिडीओ काढण्याच्या नादात हातातून सुटलेला फोन मागच्या माणसाच्या तोंडावर बसू शकतो. चष्म्याला दोरी लावा.

* उतारावर पाठ टेकवून बसा, पाय समोर रोवा आणि हात बोटीच्या आत ठेवा. बोट पूर्ण थांबेपर्यंत उभे राहू नका. पाण्यात बोट मंदावते, तेव्हा उभ्या माणसाचे शरीर पुढेच जात राहते.

* उंचीची अट लहान मुलांसाठी वाकवू नका. सुरक्षा दांडा किंवा आसनाची रचना ठराविक उंची धरूनच केलेली असते. गर्भवती महिला, तसेच मान, पाठ किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी ही राईड टाळावी.

* दुपारच्या उन्हात जा आणि त्यानंतर लगेच वातानुकूलित सभागृहात शिरू नका.

बॉयटन यांचे पुढे काय झाले?

पार्क गेल्यावर बॉयटन हळूहळू बातम्यांतून बाहेर पडले. एप्रिल १९२४ मध्ये ब्रुकलिन येथे त्यांचे निधन झाले. वय ७५ होते. ज्या माणसाने अर्धे आयुष्य गार पाण्यात काढले, त्याला पाण्याने नाही, तर न्यूमोनियाने नेले.

त्यांच्या हयातीतच, १९१२ मध्ये, टायटॅनिक बुडाले. सुमारे १,५०० माणसे मेली. त्यातल्या कित्येकांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे होती आणि ती तरंगतही होती. त्यांचा जीव गोठवणाऱ्या पाण्याने घेतला. अंग कोरडे आणि उबदार ठेवणारा, आपोआप उताणे तरंगवणारा पोशाख त्याच्या जवळपास ४० वर्षे आधी इंग्लंडच्या राणीने स्वतः पाहिला होता. जहाजांवर तो सर्रास कधीच आला नाही. आज आंतरराष्ट्रीय नियमांनुसार जहाजांवर जे इमर्शन सूट ठेवावे लागतात, ते त्याच कल्पनेचे रूप आहे.

बॉयटन यांनी जगाला दोन गोष्टी दाखवल्या होत्या. एकीने जीव वाचत होता आणि दुसरीने मजा येत होती. मजेची गोष्ट दहा वर्षांत जगभर पसरली. जीव वाचवणारी गोष्ट सक्तीची व्हायला शंभर वर्षे लागली. यात दोष एकट्या जगाचा नाही. सिगार ओढत तरंगणाऱ्या माणसाकडे लोकांनी खेळ म्हणून पाहिले, कारण बॉयटन यांनीही तो खेळ म्हणूनच दाखवला. सुरक्षेची वस्तू तमाशा करून विकायला गेले, की लोक तमाशाचे तिकीट काढतात आणि वस्तू तिथेच सोडून घरी जातात. पुढच्या वेळी राईडवर बसताना कर्मचारी दांडा खाली करून तपासतो, तेव्हा मोबाइल खिशात ठेवून त्याच्याकडे क्षणभर लक्ष द्यावे. बॉयटन यांना लोकांपर्यंत पोहोचवायची होती, ती गोष्ट त्या दांड्यात आहे.